टांझानियात ओल, ग्रीनलंडवर मीटर

सगळ्या जगात रंगवायच्या दोनच भाषा राहिल्या होत्या, स्वाहिली आणि डॅनिश. माझा बेत साधा होता. रविवारी सकाळी खाली जायचं, एका डब्यातला पिवळा काढायचा, दुसऱ्यातला तांबडा काढायचा आणि जेवायच्या आत वर यायचं. पृथ्वीचा उरलेला पसारा बाबांनी आधीच उरकून ठेवला होता.

आमच्या इमारतीच्या दारातून आत आलं की टपालपेट्यांसमोर एक मोठी भिंत आहे. तिच्यावर एकदा ओल आली आणि डाग पडला. इतरांनी तक्रार केली. बाबांनी चष्मा सारखा केला, म्हणाले, "ही तर आफ्रिका," आणि डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढली. नुसती आफ्रिका भिंतीवर बरी दिसेना, म्हणून बाजूला बाकीची खंडं आली. वर मथळा आला: 'कोणती भाषा कुठे बोलतात'. आई ह्या सगळ्याला 'ह्यांचं खूळ' म्हणायची आणि कुणी पाहुणा आला की सगळ्यात आधी त्याला भिंतीपुढे उभं करायची.

बाबा आयुष्यभर परदेशी फोन जोडून देणाऱ्या एक्स्चेंजमध्ये होते. शब्द एक कळत नसे, पण नुसत्या आवाजावरून भाषा ओळखायचे. "डॅनिश माणूस तोंडात गरम घास धरून बोलतो," ते सांगायचे, "आणि स्वाहिली माणूस प्रत्येक शब्दाचं दार उघडं ठेवून जातो." त्यांच्या कामाचा एक नियम होता. दोन्हीकडून आवाज आला की ऑपरेटरने लाइनवर थांबायचं नाही, हळूच बाजूला व्हायचं.

मग बाबा गेले. रंगाचे दोन डबे जिन्याखाली तसेच राहिले.

इमारतीला रंग काढायचा ठराव झाला नसता, तर मीही बहुधा त्यांना हात लावला नसता. सेक्रेटरी मला टपालपेटीपाशी भेटले. हा माणूस वाईट नाही. पण फिक्या क्रीम रंगाविषयी त्याच्या मनात जी भक्ती आहे, ती मी फार थोड्या माणसांत फार थोड्या गोष्टींविषयी पाहिली आहे.

"ताई, तुमच्या बाबांविषयी आदर आहेच," ते म्हणाले, "पण ठराव असा आहे की पूर्ण झालेलं चित्र राहील. अर्धवट असेल त्यावर क्रीम. रंगारी वरच्या मजल्यापासून सुरू करतायत. ते खाली पोचेपर्यंत तुमचं जग पुरं करा."

"दोनच भाषा राहिल्यात," मी म्हटलं. "रविवारी होतील."

त्या वाक्यातला आत्मविश्वास आठवला की मला आजही माझीच कीव येते.

सुरुवात मी डेन्मार्कपासून केली, कारण ते लहान. किती लहान, हे ब्रश टेकवल्यावर कळलं. बाबांच्या नकाशात डेन्मार्क करंगळीच्या नखाएवढं आणि माझा ब्रश दाराच्या चौकटी रंगवायचा. एका फटक्यात डॅनिश भाषा स्वीडनचा दक्षिण किनारा ओलांडून जर्मनीत बरीच आत उतरली. मी फडकं शोधत होते तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला.

"साडेतीनशे वर्षांपूर्वी हे खपून गेलं असतं," मागचा आवाज म्हणाला. "तेव्हा स्वीडनचा तो तुकडा डेन्मार्ककडे होता. जर्मनीच्या वरच्या टोकाला आजही थोडे डॅनिश बोलणारे आहेत, तेवढं सांडलेलं राहू दे. बाकीचं पूस."

हे हरकतकाका. तळमजल्यावर राहतात. इमारतीची नियमावली त्यांनीच लिहिली आहे आणि आजवर एकही सभा त्यांच्या हरकतीवाचून पार पडलेली नाही. बाबांचं आणि त्यांचं ह्याच भिंतीपुढे रोज संध्याकाळी वाजायचं. बाबा गेल्यावर ते आमच्याकडे येऊन पाच मिनिटं आईसमोर बसले, खुर्चीचा हात डुगडुगतो एवढंच बोलले आणि गेले. मला राग आला होता.

"काका, तुम्हीच सांगा मग. कुठे कुठे रंगवू?"

"तो प्रश्न तुझ्या बाबांना सुटला असता तर डबे उरले असते का?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या घरातून स्टूल आणलं आणि त्यावर बसले. मला उभंच ठेवलं. "मथळा वाच. 'कोणती भाषा कुठे बोलतात'. बोलतात म्हणजे काय? माझं म्हणणं, आई मुलाला ज्या भाषेत रागावते ती तिथली बोलली जाणारी भाषा. तसं धरलं तर स्वाहिली किती? पूर्व आफ्रिकेचा किनारा आणि झांजीबारसारखी बेटं. एक चिंचोळी पट्टी."

"आणि बाबांचं म्हणणं?"

"ते म्हणायचे, दोन अनोळखी माणसं ज्या भाषेत एकमेकांशी भांडू शकतात, ती तिथली भाषा. मग किनाऱ्यावरून आत निघा. अख्खं टांझानिया, केनिया, युगांडा, काँगोचा पूर्वेचा भाग. घरात प्रत्येकाची वेगळी भाषा, पण बाजारात, शाळेत, बसमध्ये स्वाहिली. घरात बोलणाऱ्यांच्या कितीतरी पट माणसं बाहेर बोलणारी. डॅनिशचं उलटं. जी काही आहे ती जवळजवळ सगळी घरात. बाहेर म्हणशील तर फेरो बेटं आणि ग्रीनलंड. तिथे लोक शाळेत डॅनिश शिकतात, पण घरी आपापली भाषा."

"म्हणजे त्यांना डॅनिश येते, पण ते ती बोलत नाहीत," मी म्हटलं.

काका स्टुलावरून अर्धवट उठले. मला वाटलं, मी काही मूर्खासारखं बोलले.

"येते," ते म्हणाले. "हा शब्द आम्हाला कसा सुचला नाही?"

तर असा तोडगा निघाला. जिथे भाषा घरात बोलतात तिथे भरीव रंग, जिथे ती येते तिथे ठिपके. आपल्या भाषेत भाषा 'येते', म्हणजे पाहुण्यासारखी चालत दाराशी येते, हे मला त्या दिवशी स्टुलावर बसलेल्या माणसाकडे बघताना पहिल्यांदा जाणवलं. मी मथळ्यापुढे 'आणि येते' असं जोडलं. काकांनी ताबडतोब हरकत नोंदवली की ठरावाशिवाय मथळा बदलता येत नाही.

दुपारपर्यंत किनारा भरीव पिवळा झाला आणि टांझानियावर मी शंभरेक ठिपके दिले. इतकी समाधानी मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते. संध्याकाळी आईने तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून विचारलं, "अगं, आफ्रिका वाळली का?" मी खाली गेले, तर स्वाहिली जमिनीवर पडली होती. पापुद्रे सुटून ती सबंध फरशीवर आली होती आणि टांझानिया पुन्हा ओलं झालं होतं.

ओल पहिल्या मजल्यावरून येत होती, हे भिंतीलाही कळत होतं. फक्त पहिल्या मजल्यावरच्या मावशींना कळत नव्हतं.

"आमचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे," त्या दारातच म्हणाल्या. "तुझ्या रंगात पाणी जास्त झालं असेल. आणि एवढी शिकलेली तू, पिवळा कशाला घेतलास? पिवळा टिकत नाही. निळा घे."

"मावशी, निळा समुद्राला आहे."

"मग समुद्र हिरवा कर."

सल्ले असे चोहोबाजूंनी येत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी भिंतीला मेण लावायला सांगितलं. कुणी म्हणालं, आफ्रिका जरा डावीकडे सरकवा, तिथे भिंत कोरडी आहे. आणि एक अनोळखी गृहस्थ बराच वेळ मागे उभे राहून माझं काम निरखत होते. मला वाटलं, चला, निदान एक रसिक भेटला. शेवटी ते म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. आमच्या बाथरूमचं दार करून द्याल का?" नाकावर रंग घेऊन, शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून, स्वतःच्या दोन पदव्या सांगणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं. मी सांगितल्या. ते म्हणाले, "असू दे हो, काम महत्त्वाचं."

शेवटी मी प्लंबर आणला. त्याने भिंतीला हात लावला, जिन्यातून वर पाहिलं, पुन्हा भिंतीला हात लावला.

"मावशी, तुमच्या बाथरूममधलं पाणी थेट टांझानियात चाललंय."

"अगं बाई! एवढ्या लांब?" असं म्हणत मावशी पहिल्यांदाच खाली उतरल्या. नकाशापुढे उभ्या राहून त्यांनी आपल्या पाण्याचा प्रवास नीट समजून घेतला. कुठलं खोरं, कुठलं बंदर, सगळं विचारलं. मग मात्र त्या इतक्या खूश झाल्या की फरशी फोडायला स्वतः प्लंबरच्या हातात हातोडी दिली. प्लंबरने पहिल्याच ठोक्याला भलताच नळ फोडला. मोझांबिकवरून धबधबा आला, हिंदी महासागर टपालपेट्यांपर्यंत पोचला आणि सेक्रेटरींच्या नावाचं एक जाड पाकीट त्यात तरंगू लागलं.

"स्वाहिली गेली?" आईने वरून विचारलं.

"स्वाहा झाली," खालून हरकतकाका म्हणाले. जोडीला पाणी काढायला ते बादली घेऊन आले होते. आईला वरती हसू फुटलेलं मी ऐकलं. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.

नळ दुरुस्त झाला. भिंत वाळवायला मावशींनी आपलं केस वाळवायचं यंत्र दिलं. ते हातात धरून मी आणि मावशी आळीपाळीने टांझानियासमोर उभ्या राहिलो. मावशी केनियाही वाळवून घ्यायच्या, म्हणायच्या, शेजारी आहे, त्याला कशाला वगळायचं. तोवर रंगारी वरचे मजले संपवून आमच्या मजल्यावर आले होते. जिन्यातून क्रीम रंगाचा वास खाली उतरत होता.

दुसऱ्या खेपेला पिवळा बसला. किनारा भरीव, आतला मुलूख ठिपक्यांचा. काकांनी भिंग लावून तपासणी केली, काँगोतले चार ठिपके उगाच पश्चिमेला गेले म्हणून पुसायला लावले आणि म्हणाले, "स्वाहिली मंजूर." मी फेरो बेटांवर काडीच्या टोकाने ठिपके दिले. राहिलं फक्त ग्रीनलंड.

आणि ग्रीनलंड येत होतं नेमकं विजेच्या मीटरच्या पेटीवर.

बाबांनी पेटीच्या दारावर पेन्सिलने त्याची बाह्यरेषा काढून ठेवली होती. रंग लावणार तोच सेक्रेटरी धावत आले. "ताई, पेटी आपली नाही, वीज खात्याची आहे. परवानगी आणा. मागाहून मला त्रास नको."

वीज कार्यालयातल्या साहेबांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"मॅडम, विषय काय लिहिलाय हा? 'ग्रीनलंड रंगवण्यास परवानगी मिळण्याबाबत'?"

"हो."

"ग्रीनलंड आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही."

"मग रंगवू?"

"पण पेटी येते ना."

मी समजावून सांगितलं. नकाशा, डॅनिश, ठिपके. साहेबांनी शेजारच्या टेबलाला हाक मारली, शेजारच्या टेबलाने पलीकडच्याला, आणि थोड्याच वेळात मी अख्ख्या विभागाला डॅनिश कुठे येते ते सांगत होते. एकाने विचारलं, तिथे मीटरचं रीडिंग कोण घेतं. त्यानंतर मी दिसले की शिपाई आत वर्दी द्यायचा, "ग्रीनलंडवाल्या मॅडम आल्यात." शेवटी पत्र मिळालं. पेटी क्रमांक अमुक, हिच्या दारावर ठिपके देण्यास हरकत नाही, मात्र धोक्याची सूचना झाकली जाऊ नये. त्या 'हरकत नाही' ह्या दोन शब्दांवर मी बसमध्ये बोट फिरवत आले.

घरी पोचले तर दाराशी टेम्पो उभा होता. माझ्या अर्जामुळे खात्याला आमची पेटी आठवली होती, आठवल्यावर ती फार जुनी असल्याचं लक्षात आलं होतं, आणि ती बदलायला माणसं आली होती. जुनी पेटी टेम्पोत उलटी पडली होती. तिच्या दारावर बाबांची रेघ होती. टेम्पो वळेपर्यंत उभी राहिले.

भिंतीवर नवी पेटी होती. राखाडी, कोरी, जुनीच्या अर्ध्या आकाराची. वर कवटी आणि 'धोका'.

"सपाट नकाशात ग्रीनलंड उगाच फुगतं," काका शेजारी येऊन म्हणाले. "पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं माप सुधारलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पत्र दाखव."

पत्रातला क्रमांक जुन्या पेटीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी तळमजल्यावर आले. मुकादमाने बादलीत क्रीम रंग ढवळला आणि सेक्रेटरींकडे पाहिलं. मावशी यंत्र हातात घेऊनच खाली आल्या होत्या. बँकवाले कामाला निघालेले थांबले. जिन्यात माणसं जमली.

"ताई, मला वाईट वाटतंय," सेक्रेटरी म्हणाले, आणि खरंच वाटत असावं. "बाकी सगळं झालंय. पण ते वरचं कोरं आहे. अर्धवट म्हणजे अर्धवट. ठराव आहे."

एवढी पुस्तकं वाचली, त्यातलं एकही वाक्य वेळेला उभं राहिलं नाही. मी तांबड्या डब्याचं झाकण लावायला वाकले.

"हरकत!"

काका आपल्या दारात उभे होते. अंगात कोट होता. सभेला घालायचा.

"अहो, कशाला हरकत?" सेक्रेटरी वैतागले. "क्रीमला?"

"ग्रीनलंडला. तिथे डॅनिशचे ठिपके द्यायचे की नाहीत, ह्यावर माझी हरकत आहे. आतल्या भागात नुसता बर्फ आहे. बर्फाला कुठली भाषा येते? ठिपके द्यायचे तर काठाकाठाने, आणि तेही तिथल्या लोकांची स्वतःची भाषा आधी दाखवून. हा वाद मिटलेला नाही. म्हणून ती जागा कोरी आहे. ती अर्धवट नाही, वादग्रस्त आहे. आणि नियमावली काय सांगते? हरकत निकालात निघेपर्यंत वादग्रस्त भागाला हात लावायचा नाही."

"हा नियम कुणी लिहिला?"

"मी."

"काका, ते ग्रीनलंड नाही, मीटरची पेटी आहे!"

"हीच माझी दुसरी हरकत."

जिन्यात हशा झाला. सेक्रेटरींनी कपाळ पुसलं. "पण वाद कुणाशी आहे तुमचा? ज्यांच्याशी होता ते तर..."

काकांनी पुढे येऊन भिंतीवर हात ठेवला, किनाऱ्याच्या पिवळ्यापासून थोडा लांब, रंगाला लागू नये असा.

"म्हणून काय झालं? ते गेले म्हणजे मी जिंकलो असं होत नाही," ते म्हणाले. "आमचा वाद चालू आहे. त्यांची बाजू आता ही मांडेल."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी बाबांची बाजू मांडली. म्हटलं, तिथे दोन अनोळखी माणसं डॅनिशमध्ये भांडू शकत असतील तर ठिपके पडलेच पाहिजेत. आवाज मला वाटलं त्याहून मोठा निघाला. मावशी म्हणाल्या, "बरोबर आहे." बँकवाले म्हणाले, काकांचंही चूक नाही, बर्फाचा मुद्दा बिनतोड आहे. मुकादम बादली खाली ठेवून विचारता झाला की तिथे राहतात तरी किती जण. प्रत्येकाला एकाच वेळी काहीतरी सांगायचं होतं.

तेवढ्यात जिन्यावरून चपला वाजल्या. आई उतरत होती. बाबा गेल्यापासून ती खाली आली नव्हती. तिने नकाशा डावीकडून उजवीकडे नीट पाहिला, झाडलोटीनंतर खोली पाहावी तसा.

"माझीपण एक हरकत लिहून घ्या," ती सेक्रेटरींना म्हणाली.

"वहिनी, तुमची कसली हरकत?"

"डेन्मार्क फार लहान काढलंय."

"वहिनी, ते लहानच आहे."

"असू दे. तुम्ही लिहून घ्या. निकाल लागायला वेळ लागला पाहिजे."

सेक्रेटरींनी लिहून घेतलं. मुकादमाने क्रीम रंग अलास्कापर्यंत आणून थांबवला, न्यूझीलंडच्या खालून सरळ रेघ मारली आणि बादली उचलली. गेल्या सभेत विषयपत्रिकेवर शेवटचा विषय 'ग्रीनलंड' हा होता. चर्चा पुढच्या सभेवर ढकलली गेली. सेक्रेटरींनी स्वतः सुचवलं.

पण हे नंतरचं. त्या सकाळी सगळे भिंतीपुढे उभे राहून तावातावाने बोलत होते. काका आईला झांजीबार दाखवत होते आणि आई त्यांना सांगत होती की ते जरा तिरकं आलंय. दोन्हीकडून आवाज येत होता. मी डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि हळूच बाजूला झाले.